न दुखणारे पाय

धारच्या मुंज तलावाच्या बांधावर पहाटे शिट्टी वाजली, की आसपासच्या घरांतले लोक कूस बदलून म्हणायचे, "तात्या निघाले." भगवंत चाबुकस्वारांना अख्खा मोहल्ला तात्या म्हणे. सरकारी शाळेत एकतीस वर्षं त्यांनी मुलांना कवायत शिकवली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले, पण गळ्यातली शिट्टी काही त्यांनी परत केली नाही. शिट्टी शाळेची आहे, असं हेडमास्तरांचं म्हणणं. एकतीस वर्षं गळ्यात होती ती आता गळ्याची झाली, असं तात्यांचं. तात्यांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं धारमध्ये तरी कुणाला आठवत नाही, त्यामुळे शिट्टी त्यांच्याकडेच राहिली.

आडनाव चाबुकस्वार असलं तरी तात्यांनी जन्मात कधी घोड्यावर टांग टाकली नव्हती. घोडी शिकवायचं काम आजोबांचं, उदाजीरावांचं. दख्खनेतून सरदारांच्या मागोमाग जी मराठी घराणी माळव्यात आली, त्यात तात्यांचे पूर्वज पागेवर होते. पुढे संस्थान गेलं, पागा मोडली, तरी राजवाड्यात चार म्हातारी घोडी उरली होती आणि त्यांच्यापाशी उदाजीराव उरले होते. ऊन उतरलं की ते एकेका घोड्याचा पाय गुडघ्यात दुमडून वर उचलायचे आणि खूर निरखून बघायचे. खडा अडकलाय का, चीर गेलीय का, वास येतोय का. लहानगा भगवंत विचारायचा, "आजोबा, रोज कशाला बघायचं?" ते म्हणायचे, "अरे, मुकं जनावर. ते सांगणार नाही. आपणच उचलून बघायचं."

ही गोष्ट तात्यांनी हजार वेळा सांगितली असेल. शाळेत सांगितली, लग्नाकार्यात सांगितली, जावयाला तर पहिल्याच भेटीत सांगितली. दर वेळी सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. गळा भरून येण्यानं माणसाला अक्कल येते असं नाही.

नर्मदा परिक्रमेचं वेड मात्र तात्यांचं नव्हतं. ते त्यांच्या बायकोचं, शैलाबाईंचं. त्यांचं माहेर मनावर गावचं, वडील पोस्टात. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक त्यांच्या दारावरून जायचे. नर्मदा उजव्या हाताला ठेवून एका काठानं समुद्रापर्यंत चालत जायचं, तिथं पलीकडे होऊन दुसऱ्या काठानं उगमाला वळसा घालून परत यायचं, आणि मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. कित्येक महिन्यांची वाट. या चालणाऱ्यांना माणूस म्हणायचं नाही, मूर्ती म्हणायचं. दारात "नर्मदे हर" अशी हाक आली की शैलाबाईंची आई आतूनच विचारायची, "किती मूर्ती?" तीन म्हटलं तर तिघांचं पीठ-डाळ निघायचं. परात आणि तांब्या घेऊन त्यांचे पाय धुवायचं काम लहान शैलाचं. ते पाय तिला जन्मभर आठवत राहिले. भेगा पडलेले, सुजलेले, नखं गेलेले. पाणी लागलं की ती माणसं "अहाहा" म्हणून डोळे मिटायची. एका बोळक्या तोंडाच्या म्हातारीनं एकदा ओल्या पायांनीच उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बेटा, तू भी आएगी."

ते वाक्य शैलाबाईंनी पन्नास वर्षं सांभाळलं. आधी सासूबाईंचं आजारपण, मग लेकीचं, किमयाचं शिक्षण, मग किमयाचं लग्न, मग तात्यांची नोकरी. दर वेळी त्या म्हणायच्या, "एवढं होऊ द्या, मग जाऊ." तात्या निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी शाल घडी करून कपाटात ठेवली आणि विचारलं, "आता जाऊ या ना?"

तात्या हो म्हणाले. मनापासून म्हणाले. पण तात्यांच्या हातात एखादी गोष्ट गेली की ती दुसऱ्याची राहत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सरावाचा तक्ता आखला. पहिला महिना तलावाला चक्कर, तीही पाणी उजव्या हाताला ठेवून. दुसऱ्या महिन्यात तिरल्याच्या रस्त्यानं शेताशेतातून. मग पाठीवर पिशवी, पिशवीत आधी दोन किलो गहू, मग चार, मग सहा. खाली ठळक अक्षरांत नियम लिहिला होता: "सरावात जो कुरकुर करेल, तो परिक्रमेतून बाद."

"जो म्हणजे कोण?" शैलाबाईंनी विचारलं.

"जो कोणी असेल तो. नियम सगळ्यांना सारखा."

सगळे म्हणजे दोघंच होते. त्यातल्या एकाला कुरकुर ठाऊक नव्हती, कारण तो स्वतःच शिट्टी वाजवणार होता. तेव्हा हा नियम कुणासाठी होता, ते भिंतीवरच्या पालीलाही कळलं असेल.

शैलाबाई चालायला लागल्या. सुरुवातीला फार मागे पडायच्या. तात्या पुढे जाऊन पिंपळाखाली थांबायचे, शिट्टी वाजवायचे, त्या जवळ आल्या की पुन्हा निघायचे. त्यांना दम खायला मिळायचाच नाही. बाजूनं दूधवाला जाताना म्हणायचा, "तात्या, काकींना थोडं बसू तर द्या." तात्या म्हणायचे, "भिया, समुद्रापर्यंत जायचं आहे. बसून कसं चालेल?" गव्हाचे मळे पिवळे झाले, कापले गेले, रस्त्यावर धूळ उडायला लागली. शैलाबाई हळूहळू सरावल्या. आठ वर्षांपासून त्यांना शुगर होती, ती चालण्यानं जरा उतरली. तात्यांनी तपासणीचा तो कागद खिशात घालून मोहल्लाभर दाखवला आणि म्हणाले, "बघा, निघायच्या आधीच नर्मदामैयानं पावती दिली."

मग चपलेची गंमत झाली. चैत्रातल्या एका सकाळी दोघं तलावाची चक्कर मारून घरी आले. शैलाबाई ओट्यावर चप्पल काढायला वाकल्या, तर एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय मोकळा.

"अगं, दुसरी कुठं गेली?"

"अगं बाई! मला कळलंच नाही कधी निघाली ते."

तात्या पोट धरून हसले. परत गेले, तर चप्पल अर्ध्या किलोमीटरवर बांधाच्या कडेला उताणी पडलेली. तेवढं अंतर ही बाई एका चपलेवर चालत आली आणि हिला पत्ताच नाही! तात्यांनी ती गोष्ट दूधवाल्याला सांगितली, समोरच्या अल्पनाला सांगितली, फोनवर देवासला किमयाला सांगितली. "तुझी आई म्हणजे अगदी पोचलेली बाई आहे बघ," असं म्हणून पुन्हा हसले. पंधरा दिवसांनी परत तेच झालं. तेव्हा शैलाबाई हसल्या नाहीत. हातातल्या चपलेकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, मैयालाच नको आहेत माझ्या चपला. मी अनवाणीच चालीन."

आणि खरंच त्या अनवाणी चालायला लागल्या. वैशाखात डांबरी रस्ता असा तापायचा, की तात्यांना बुटातूनही चटके बसायचे. शैलाबाई मात्र शांतपणे चाललेल्या. बाभळीच्या काट्यांच्या वाटेवर तात्या जपून पाऊल टाकायचे, त्या सरळ निघून जायच्या. "मला तर आता काही लागतच नाही हो," त्या नवलानं म्हणायच्या. "आधी पायांत मुंग्या यायच्या, जळजळ व्हायची रात्रभर. तीपण गेली. पाय जसे माझे नाहीतच." हे ऐकून दोघांनी तिथंच, शेताच्या बांधावर, दक्षिणेकडे तोंड करून हात जोडले. नर्मदा तिकडं आहे म्हणून. आज ते आठवलं की तात्या भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवतात.

पण तेव्हा त्यांना बायकोचा अभिमान वाटायचा, आणि थोडा हेवाही. स्वतःच्या पायांना फोड यायचे. संध्याकाळी ते कोमट पाण्यात मीठ टाकून घमेल्यात पाय सोडून बसायचे. एकदा असेच बसले असताना म्हणाले, "बघू गं तुझे पाय. बघू तरी मैयानं कसे केलेत ते." आणि खाली वाकून त्यांनी हात पुढे केला.

शैलाबाईंनी झटकन पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "अहो! काय करून राहिले? पाप लावता का मला?"

माळव्यातल्या या मराठी घरांतून आजही ही रीत आहे. सणावाराला बायकोनं नवऱ्याच्या पाया पडायचं, चुकून तिचा पाय त्याला लागला तर हात लावून डोक्याला लावायचा. नवऱ्यानं बायकोच्या पायाला शिवायचं नाही, त्याचा दोष तिच्या माथी. तात्यांच्या आईनं पाळलं, आजीनं पाळलं. तात्यांनी हात मागे घेतला. आणि खरं सांगायचं तर हात मागे घेताना त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. ते पाय तपासायला वाकलेच नव्हते, कौतुक करायला वाकले होते.

पावसाळा सरत आला. देवउठनी ग्यारसेला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची, असं ठरलं होतं. त्याआधी तात्यांनी शेवटची परीक्षा काढली. धार ते मांडू, पस्तीस किलोमीटर, पाठीवर पिशवी, दोन दिवसांत, नालछ्याला मुक्काम. "जमलं तर दोघं निघू," ते म्हणाले.

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी एकटा जाऊन येईन. तुला पुढच्या साली बघू."

ज्या बाईनं पन्नास वर्षं वाट बघितली, तिला तिचीच वाट तिचा नवरा एकटा चालून येणार होता, आणि हे त्यानं चहा पिता पिता सांगितलं. तात्यांनी वर बघितलं असतं तर त्यांना तिचा चेहरा दिसला असता. त्यांनी बशीत बघून चहा संपवला.

पुढचं तात्यांना नंतर कळलं. निघायच्या चार दिवस आधी शैलाबाई फरशी पुसत होत्या, तर त्यांच्या मागे ओले डाग उठलेले. त्यांनी बसून पाय उलटा केला. अंगठ्याखाली बोट जाईल एवढं भोक होतं आणि आत बाभळीच्या काट्याचं काळं टोक. केव्हा लागला कुणास ठाऊक. दुखत तर नव्हतंच. त्यांनी सुईनं काटा काढला, हळद भरली, जुन्या सुती साडीची चिंधी बांधली. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो बाद करणार. आणि दुखत नाही म्हणजे मैया सांभाळून घेते आहे, मग घाबरायचं कशाला? त्या दिवशी त्यांनी किमयाचे जुने कापडी बूट शोधून काढले. तात्यांनी बुटांकडे बघून चिडवलं, "का हो, मैयाला बूट चालतात वाटतं आता?"

"घाटात खडे आहेत," शैलाबाई म्हणाल्या.

ते दोन दिवस तात्या विसरूच शकत नाहीत, कारण त्या दोन दिवसांत शैलाबाई पुढे होत्या आणि ते मागे. सोयाबीन काढणीला आलेलं, रस्त्याच्या दोन्ही कडांना हिरवं गवत कमरेएवढं. लुन्हेऱ्याजवळ तात्यांच्या टाचेला फोड आला. शैलाबाई तरातरा चाललेल्या. दुसऱ्या दिवशी मांडूच्या घाटात, दरीतून वर ढग येत असताना, त्या वळणावर थांबल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "द्या ती शिट्टी. मी वाजवते." तात्यांनी खरोखरच गळ्यातून काढून दिली. लहान मुलीसारखी त्यांनी ती जोरात वाजवली. खालून येणारा मोटारसायकलवाला घाबरून बाजूला झाला, तर दोघं हसत सुटले.

मांडूला रेवाकुंड आहे. नर्मदाच तिथं वर आली असं मानतात, म्हणून उत्तर काठानं परतणारे परिक्रमावासी डोंगर चढून तिथं दर्शनाला येतात. कुंडाच्या पायरीवर बसून शैलाबाईंनी परिक्रमेत बरोबर न्यायला छोट्या बाटलीत पाणी भरून घेतलं. तात्या म्हणाले, "पास." एवढंच म्हणाले. शैलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. इतकं सुख त्या बाईला त्याआधी झालं नव्हतं आणि नंतर तर झालंच नाही. बूट त्यांनी काढले नाहीत.

नवरात्रात किमया देवासहून माहेरी आली. आत पाऊल टाकताच तिनं नाक मुरडलं. "आई, हा वास कसला येऊन राहिला?"

"कसला वास? घटाला माती ओली आहे."

"मातीचा नाही. बाबा, तुम्हाला येत नाही?"

तात्यांना रोज येत होता, म्हणून येत नव्हता. किमयानं स्वयंपाकघर शोधलं, मोरी शोधली, शेवटी आईजवळ येऊन खाली बसली. शैलाबाई पाय आखडायला लागल्या. मुलीला पाप लागत नाही. तिनं पाय ओढून चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता. त्याच्या शेजारचं बोटही.

धारच्या डॉक्टरांनी बघितलं आणि इंदूरला न्यायला सांगितलं. इंदूरच्या डॉक्टरांनी टोकदार काडीनं तळव्याला ठिकठिकाणी टोचलं. दर वेळी शैलाबाई म्हणाल्या, "नाही." दुसऱ्या पायालाही टोचलं. "नाही." मग त्या तरुण डॉक्टरांनी अगदी सहज विचारलं, "माताजी, चलते-चलते चप्पल निकल जाती थी क्या? पता नहीं चलता था?"

किमयानं बाबांकडे बघितलं. तात्यांना दूधवाला आठवला, अल्पना आठवली, फोनवरचं आपलं हसू आठवलं. डॉक्टर सांगत होते, की शुगरनं पायांच्या नसा मेल्या आहेत. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग तीही थांबते आणि माणसाला वाटतं बरं झालं. अशा पायाला लागलेलं कळत नाही, म्हणून तो रोज हातात घेऊन बघावा लागतो. "घर में किसी ने कभी पाँव देखे नहीं?" त्यांनी विचारलं. त्यांना काय ठाऊक, की ते पागेवरच्या चाबुकस्वाराच्या नातवाला विचारत होते.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आत नेण्याआधी शैलाबाईंनी तात्यांना जवळ बोलावलं. त्यांना वाटत होतं, फक्त बोट काढणार आहेत. "अहो, ग्यारसेपर्यंत जखम भरेल ना?" त्यांनी विचारलं.

किमया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तात्या म्हणाले, "भरेल."

एकतीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाचं ते सगळ्यात मोठं खोटं. शुद्धीवर आल्यावर शैलाबाईंनी चादर जिथं सपाट झाली होती तिथं हात फिरवला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही तर पास केलं होतं मला." तात्यांना वाटलं, यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ग्यारस आली. शेजारच्या अंगणात तुळशीभोवती उसाचा मांडव झाला. शैलाबाई पलंगावरून म्हणाल्या, "तुम्ही जा. तुमचे पाय आहेत ना. माझी बाटली घेऊन जा." तात्यांनी उठून भिंतीवरचा तक्ता काढला, त्याचे तुकडे केले, शिट्टी काढून कपाटाच्या तळाशी टाकली आणि जमिनीवर मटकन बसून लहान पोरासारखे रडले. "मी बघितलंच नाही गं. मी एकदाही बघितलं नाही." शैलाबाई म्हणाल्या, "मी सांगितलंच नाही." दोघांचंही खरं होतं, आणि त्यानं काडीचा फरक पडत नव्हता.

माघात एक दिवस शैलाबाई स्वतःच म्हणाल्या, "मला मांडूला न्या. ग्यारसेला निघालेले लोक आता येत असतील वर." म्हणजे, पाय राहिला असता तर ज्यांच्याबरोबर आपण असतो ते लोक. हे त्यांनी म्हटलं नाही, पण तात्यांना कळलं. किमयानं देवासहून गाडी आणली. निघताना शैलाबाईंनी माहेरची पितळी परात आणि तांब्या आठवणीनं गाडीत ठेवायला लावला.

रेवाकुंडाजवळ त्या खुर्चीवर बसल्या. परात समोर ठेवली, पण वाकणं त्यांना जमेना. तात्यांनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि ते खाली मांडी घालून बसले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं काठ्या टेकत येत होती. "नर्मदे हर." "किती मूर्ती?" शैलाबाई विचारत होत्या, आवाज अगदी त्यांच्या आईचा. तात्या एकेकाचे पाय परातीत घेत होते. भेगा, फोड, गेलेली नखं. पाणी लागलं की कुणी "हाय रे" म्हणे, कुणी डोळे मिटी. जो कण्हत होता त्याच्याकडे तात्या असं बघत, जणू त्यानं काही चांगली बातमीच सांगितली.

दुपारी साठीच्या घरातली एक बाई आली. उज्जैनकडच्या खेड्यातली, एकटीच. धुळीनं माखलेले अनवाणी पाय. तात्यांनी विचारलं, "माताजी, पाँव दुखते होंगे?"

"म्हारे तो कंई नी दुखे," ती हसून म्हणाली. "मैया की किरपा हे."

काहीच दुखत नाही हे ऐकून तात्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी वर शैलाबाईंकडे बघितलं. शैलाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "उचलून बघा."

तात्यांनी हात पुढे केला तशी त्या बाईनं पाय घाघऱ्यात ओढून घेतले. "ना भिया ना, म्हारे पाप लागेगा. पराये मरद से..."

शैलाबाईंनी कापलेल्या पायावरचं लुगडं बाजूला सारलं. बाईनं ते बघितलं आणि तिचं हसू गेलं. "मैं भी यही बोली थी," शैलाबाई म्हणाल्या.

मग तिनं मुकाट्यानं पाय पुढे केला. तात्यांनी तो गुडघ्यात दुमडून वर उचलला, जसा आजोबा उचलायचे तसा, आणि ओल्या फडक्यानं टाच पुसली. टाचेत काटा मोडला होता आणि भोवती मांस पिवळं झालं होतं. बाईनं मान वाकडी करून बघितलं. "यो कद लाग्यो?" हा कधी लागला, हे तिनं असं विचारलं, जणू तात्यांनाच ठाऊक असेल. तिला शुगर आहे का, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात जायचं म्हटल्यावर ती घाबरली. परिक्रमा खंडित होईल, मैया रागावेल. तात्या तिला तिच्याच बोलीत परोपरीनं समजावत होते, "धार याच काठाला आहे माताजी. मैया ओलांडायची नाही. इथंच परत आणून सोडतो, इथूनच पुढं चाला."

किमया तिला हात धरून गाडीकडे घेऊन गेली. तात्या खालीच बसून राहिले. परातीतलं पाणी गढूळ झालं होतं.

"माझा एकदा असा उचलून बघितला असता तर..." शैलाबाई म्हणाल्या.

तात्यांनी परात कलती करून ते पाणी ओतून टाकलं. मग त्याच म्हणाल्या, "मी उचलू दिला नसता, ते पण आहे."

ती बाई पंधरा दिवस त्यांच्या घरी राहिली. टाच भरली, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, तात्यांनी आग्रहानं तिला बूट घालायला लावले आणि रोज संध्याकाळी पाय बघायला शिकवलं. मग तिला होती तिथं नेऊन सोडलं. शैलाबाई गाडीतच बसून होत्या. बाई काठी टेकत मोठ्या इमलीच्या झाडापलीकडे दिसेनाशी झाली तरी त्या काच खाली करून तिकडेच बघत होत्या. हातात ती छोटी बाटली होती. बाईला द्यायची म्हणून आणली होती, पण दिली नाही. का नाही दिली, ते तात्यांनी विचारलं नाही.

आता रोज ऊन उतरलं, की तात्या चष्मा लावून पलंगापाशी खाली बसतात. शैलाबाईंचा उरलेला पाय मांडीवर घेतात, बोटांच्या बेचक्या बघतात, टाच बघतात, वास घेतात. डॉक्टरांनी सांगितलं आहे, हा पायही तसाच आहे, यालाही काही कळत नाही. शैलाबाई पाय ओढून घेत नाहीत. पण त्या वेळी तोंड मात्र भिंतीकडे करतात आणि ओठांतल्या ओठांत देवाची क्षमा मागतात. आणि रोज बघायला लागण्याआधी तात्या एकदा विचारतात, "दुखतं का गं?"

"दुखतं हो," शैलाबाई भिंतीकडे बघत म्हणतात. "फार दुखतं."

तात्यांनी अजून पायाला हात लावलेला नसतो.